बुडालेल्याला आधी श्वास द्या

भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सोडलेलं पाणी कुंडलिकेत येतं. त्यामुळे कोलाडजवळ पावसाळा सरल्यावरही राफ्टिंग आणि कयाकिंग चालतं. अशा जागी कोणी बुडालं, तर रुग्णवाहिका येईपर्यंतची मोलाची मिनिटं काठावरच्या माणसांच्या हाती असतात.

लगेच पाण्यात उडी घेऊ नका. बुडणारा जिवाच्या आकांताने मिठी मारतो आणि दोघेही जातात. आधी वल्हं पुढे करा. ते पोहोचत नसेल, तर हाक मारून त्याचं लक्ष वेधा आणि मग दोर फेका. दोराचं दुसरं टोक हातात धरा. मनगटाला किंवा कमरेला बांधू नका.

आपणच प्रवाहात पडलात, तर उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा. वेगवान पाण्यात उभं राहायला जाऊ नका. पाऊल दगडांच्या फटीत अडकलं की मागून येणारं पाणी माणसाला खाली दाबतं.

माणूस काठावर आला की सपाट जागी उताणा झोपवा, खांदे थोपटून मोठ्याने हाक मारा. छाती हलते का, ते १० सेकंदांपर्यंत पाहा. मधूनच लागणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. दुसऱ्या कोणाला तरी १०८ किंवा ११२ वर फोन करायला सांगा.

सगळ्यात मोठी चूक इथे होते. पोट दाबलं जातं, उलटं टांगलं जातं, पाय धरून गरागरा फिरवलं जातं. हे सारं मायेपोटीच होतं, पण त्यात जीव जातो. बुडालेल्याचं हृदय थांबतं ते प्राणवायू न मिळाल्याने. पोटातलं पाणी त्याचं कारण नसतं. पोट दाबल्यावर उलटी होते आणि ती श्वासनलिकेत शिरते.

म्हणून श्वास चालत नसेल, तर आधी श्वास द्या. कपाळ मागे कलवा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा आणि तोंडावर तोंड घट्ट टेकवून साधारण एक सेकंद फुंका. असे पाच श्वास द्या. छाती वर येत नसेल, तर डोकं पुन्हा नीट कलवा. तोंडातून फेस येतच राहील. तो पुसत बसू नका.

तरीही हालचाल नसेल, तर लाइफ जॅकेट उघडून छातीच्या मधोमध दाबायला लागा. दाब आणि श्वास मिळून याला सीपीआर म्हणतात; दाब म्हणजे बंद पडलेल्या हृदयाचं काम हातांनी चालवणं. प्रौढ माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर दबली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब. हात थकतात, तेव्हा दर दोन मिनिटांनी माणूस बदला. अनेक व्हिडिओंत नुसतीच छाती दाबायला शिकवतात. ती रीत अचानक कोसळलेल्या हृदयरुग्णासाठी आहे. बुडालेल्याला श्वास हवाच. मात्र श्वास देणं जमतच नसेल, तर निदान दाब थांबवू नका.

उलटी झाली, तर आख्खं शरीर कुशीवर वळवा, तोंड साफ करा आणि पुन्हा सुरू करा.

श्वास परतला पण शुद्ध नसेल, तर कुशीवरच ठेवा. ओले कपडे काढून कोरडं पांघरूण घाला, वारा अडवा. तोंडात पाणी, चहा, दारू काहीही घालू नका.

शुद्धीवर येऊन तो “मी ठीक आहे” म्हणाला, तरी दवाखान्यात न्याच, कारण फुफ्फुसांचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो. तो किती वेळ पाण्याखाली होता आणि श्वास कधी दिले, हे डॉक्टरांना सांगा.