तळ्याकाठची भटकंती

भाद्रपद लागला की पाऊस जरा दमानं घेतो. सकाळी एखादी सर येते, मग ढगाआडून ऊन डोकावतं, आणि घाटमाथ्यावरचं सगळं रान अंग पुसून बसल्यासारखं दिसतं. विलायतेत या दिवसांना उन्हाळ्याची अखेर म्हणतात. आपल्याकडे ही पावसाळ्याची अखेर. डोंगरावरच्या तळ्याकाठी हिंडायला याच्याइतके चांगले दिवस नाहीत.

साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून सुमारे पंचवीस किलोमीटर गेलं की कासचं पठार लागतं, आणि पुढं उतारावर कासचा तलाव. उंची साधारण १,२०० मीटर. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर झाल्या, त्यांत कासही आहे. तेव्हापासून फुलं पाहायला माणसांची रीघ लागते. पण फुलांवरून जरा नजर काढून तिथं काय काय हलतं, उडतं, सरपटतं हे पाहणारे थोडे. तुम्ही त्या थोड्यांपैकी व्हावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

पहिली गोष्ट वेळेची. पक्षी पाहायचे तर पहाटे निघा; फुलपाखरं पाहायची तर घाई करू नका. फुलपाखराचं अंग आपल्यासारखं आतून ऊबदार नसतं. उडण्याचे स्नायू तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. म्हणून सकाळी ते दगडावर किंवा पानावर पंख पसरून ऊन खात बसतं. नऊ ते अकराच्या दरम्यान, कोवळं ऊन पडलं की ओळीनं अशी बसलेली दिसतील. आपली सावली मात्र त्यांच्यावर पडू देऊ नका; सावली पडली की उडालंच म्हणून समजा.

आता जरा खाली, ओल्या मातीकडे बघा. वाटेवरच्या चिखलात दहा-वीस फुलपाखरं एकत्र बसून सोंड खुपसत असतात. फुलं सोडून चिखल कशाला, असं मनात येईल. कारण फुलातल्या मधात साखर असते, पण मीठ जवळजवळ नसतं. ते क्षार चिखलातून मिळतात. ही मंडळी बहुधा नर असतात. मिलनाच्या वेळी हे क्षार ते मादीला देतात आणि पुढं ते अंड्यांच्या कामी येतात. म्हणजे हा चिखलातला मेळावा पुढच्या पिढीची शिदोरी बांधण्यासाठी भरलेला असतो! एकदा हा मेळावा जवळून बघायच्या नादात मी शेवाळावरून घसरलो आणि सपशेल आडवा झालो. सगळी फुलपाखरं उडाली. उठायचा कंटाळा करून तसाच बसून राहिलो, तर पाच मिनिटांत एकेक परत आलं. फुलपाखरामागं धावू नये, बसून राहावं, हा धडा मला त्या घसरण्यानं शिकवला.

फुलपाखरू ओळखायचं तर त्याच्या सुरवंटाचं झाड ओळखा. काळ्या पंखांवर निळाई मिरवणारं मोठं फुलपाखरू, ब्लू मॉरमॉन, २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलं. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या पानांवर वाढतात. पिवळ्या-तांबड्या नक्षीचं जेझेबेल बांडगुळावर अंडी घालतं. नारिंगी रंगाचं प्लेन टायगर रुईवर. रुईचा चीक कडू नि विषारी. तो अळीच्या अंगात साठतो आणि फुलपाखरातही उतरतो. ते एकदा चाखलेला पक्षी सहसा पुन्हा वाटेला जात नाही. गंमत अशी, की डॅनाइड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराची मादी हुबेहूब हाच वेष घेते. अंगात विष नाही, पण सोंग असं वठवते की पक्षी फसतात.

तळ्यावर गेलात की पाण्याशी गडबड नको. काठाला टिबुकली बुडी मारताना दिसेल, एखादा खंड्या सूर मारेल. ओढ्याच्या झाडीतून कोणी पोरगा शीळ घालतोय असं वाटलं, तर तो शीळकरी कस्तूर. डोक्यावर पिवळसर-तांबूस चतुरांचे थवे तरंगत असतील. दीड-दोन इंचांचे हे जीव. पण पावसाळा सरला की यांतले लक्षावधी वाऱ्याच्या साथीनं समुद्र ओलांडून आफ्रिकेची वाट धरतात.

झाडीकडे वळताना मात्र सावध राहा. या बाजूच्या रानात गवे आहेत, अस्वलंही आहेत. वाटेवर ताजं शेण किंवा मोठ्या खुरांचे ठसे दिसले तर पुढं न जाता मागं फिरावं. फांदीला हात लावण्याआधी बघावं. पानांसारखा हिरवा चापडा तिथं वेटोळं घालून बसलेला असतो, आणि तो विषारी असतो.

आणखी एक सांगायचं राहिलं. पठारावर जांभ्या दगडावर मातीचा थर इतका पातळ, की कुठं कुठं बोटभरही भरत नाही. त्यातच तेरडा, सोनकी उगवते. त्या मातीत पोषण कमी, म्हणून सीतेची आसवं नि दवबिंदू यांसारख्या इवल्या वनस्पती चक्क बारीक जीव पकडून गुजराण करतात. एका फोटोसाठी आपण वाट सोडून चार पावलं आत गेलो, की ही माती दबते. मागून येणाराही त्याच पावलांवरून जातो. पुढच्या साली तिथं फूल नाही, नि फूल नाही म्हणून फुलपाखरू नाही. शिवाय तळ्याचं पाणी साताऱ्याच्या घरांत प्यायला जातं. तेव्हा साबण, खरकटं, कागद तिथं नको.

बरोबर पोरंबाळं असतील तर जाळी घरीच ठेवा. त्याऐवजी एक वही द्या. दिसलेल्या फुलपाखराचा रंग, वेळ आणि ते कोणत्या झाडावर बसलं, एवढं लिहून घ्यायला सांगा. पुढच्या भाद्रपदात तीच वही घेऊन पुन्हा जा. गेल्या साली ज्या दगडावर ते ऊन खात होतं, तिथं यंदाही कोणी बसलंय का, ते बघायला फार मजा येते.