ससेपालन आणि मधमाश्या : धोका डंखाचा की पिंजऱ्याचा?

हिमाचल प्रदेशातील कुल्लू खोऱ्यात सफरचंदाला बहर येतो तेव्हा परागीभवनासाठी बागांमध्ये मधपेट्या ठेवल्या जातात. याच खोऱ्यात गडसा येथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे केंद्र असून अंगोरा ससेही पाळले जातात. हे दोन्ही व्यवसाय शेजारी असतील, तर मधमाश्या सशांना घातक ठरतात का, हा प्रश्न स्वाभाविक आहे.

एका डंखाने निरोगी ससा सहसा दगावत नाही. दाट लोकर नांगीला अडवते. त्यामुळे डंख प्रामुख्याने नाक, पापण्या व कान या उघड्या भागांवर होतात. लोकर कातरल्यानंतर मात्र हे संरक्षण काही काळ उरत नाही. ससा मुख्यतः नाकानेच श्वास घेतो. म्हणून नाकावरील सूज सर्वांत चिंताजनक होय.

खरा धोका सामूहिक हल्ल्याचा आहे. कामकरी माशीच्या नांगीला काटे असल्याने ती त्वचेत रुतून राहते आणि विषपिशवी विष सोडत राहते. त्याच वेळी पिकल्या केळ्यासारखा इशारागंध दरवळतो व इतर माश्या तेथेच धाव घेतात. मोकळे जनावर पळू शकते. पिंजऱ्यातील ससा पळू शकत नाही. विषाचा परिणाम शरीराच्या वजनावर अवलंबून असल्याने, माणूस सोसू शकेल इतके डंख तीन-चार किलोच्या सशाचा जीव घेऊ शकतात. आग्या माश्या या बाबतीत विशेष धोकादायक आहेत. गांधीलमाशीची नांगी त्वचेत अडकत नाही. ती पुनःपुन्हा डंख मारू शकते.

प्रतिबंध सोपा आहे. मधपेट्यांची दारे सशांच्या गोठ्याकडे नसावीत आणि मध्ये उंच कुंपण असावे. मधपेट्या उघडण्यापूर्वी पिंजऱ्यांवर बारीक जाळी सोडावी. उन्हाळ्यात माश्या पाण्याच्या भांड्यांवर येतात. म्हणून सशांना निपलद्वारे पाणी द्यावे व माश्यांसाठी खडे घातलेले उथळ भांडे अन्यत्र ठेवावे. गोठ्याच्या वळचणीची नियमित तपासणी करावी. कीटक घालवण्यासाठी फिप्रोनिल वापरू नये. ते मधमाश्यांप्रमाणेच सशांनाही विषारी आहे.

डंख झाल्यास नांगी तत्काळ काढावी. येथे पद्धतीपेक्षा वेळ महत्त्वाचा आहे. सूज आलेल्या जागी थंड, ओले फडके धरावे. संपूर्ण ससा भिजवू नये. माणसाची औषधे स्वतःहून देऊ नयेत. चेहरा सुजणे, तोंड उघडून श्वास घेणे, ग्लानी किंवा अनेक डंख दिसल्यास पशुवैद्यकाला त्वरित पाचारण करावे. सशाने खाणे थांबवल्यासही विलंब करू नये, कारण उपाशी सशाच्या आतड्यांची हालचाल मंदावते आणि डंखातून वाचलेला ससा त्यामुळे दगावू शकतो.