मँगनीज आणि भरावाची वाळू

श्रोतेहो, आपल्या धाराशिवकडे मातीच्या खळ्यावर मळणी केली की ज्वारीत खळ्याचीच माती येते. तिकडे भंडारा जिल्ह्यात चिखला येथे १९६२ साली स्थापन झालेल्या 'मॉइल' कंपनीची मँगनीजची भुयारी खाण आहे. तिथेही हाच प्रकार. खनिज काढलेली पोकळी ढासळू नये म्हणून तीत पाण्याबरोबर वाळू सोडतात. पाणी निथळले की त्याच वाळूवर उभे राहून वरचा थर फोडायचा. माल पडतो तो वाळूवरच, आणि ओढताना वाळू घेऊनच येतो.

वाळू म्हणजे सिलिका. भट्टीत ती मळीत जाते, पण एकटी नव्हे. मँगनीजही सोबत नेते. बरे, माल पाण्यात घोळावा, तर ब्रॉनाइट वाळूच्या पावणेदोन पट जड, ढेकळे खाली बसतात खरी. पण खनिज पडले ठिसूळ! त्याचा भुगा, तांदूळ धुताना कणी जावी तसा, वाळूबरोबर वाहून जातो.

तेव्हा धुण्यापेक्षा मिसळूच न देणे बरे. कित्येक खाणींत भरावावर सिमेंट-वाळूचा टणक थर देतात. थर जाड असला तर माल शेवटपर्यंत खरवडता येतो. पातळ असला तर तोच फुटतो, आणि सिमेंटचे खडे मालात!