आपलाच कापूस, तरी गुन्हा!

काटोल-सावनेरकडच्या पन्नाशी ओलांडलेल्या कास्तकाराला विचारा, घरचा कापूस चोरासारखा न्यावा लागण्याचे दिवस त्याला आठवतील. पेरला त्याने, वेचला त्याच्या घरच्यांनी. पण सौंसर-पांढुर्ण्याच्या व्यापाऱ्याला विकला की कायद्याने तो गुन्हेगार. महाराष्ट्र सरकारने १९७१ साली कच्च्या कापसाच्या खरेदीचा कायदा केला आणि १९७२ पासून एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, खासगी व्यापाऱ्याला द्यायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही.

हेतू वाईट नव्हता. व्यापाऱ्याच्या तावडीतून कास्तकार सुटावा, त्याला आधीच ठरलेला भाव मिळावा, असे ठरले होते. एखाद्या वर्षी भाव इतका बरा असे की बाहेरच्या राज्यातला कापूस इकडे शिरे. पण पलीकडे भाव चढा आणि इकडे चुकारे अडकलेले, अशा वर्षी माणूस काय करील? नाका चुकवून माल पार करी. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने या बंदीविरुद्ध आवाज उठवला. पुढे २००२ च्या हंगामात खासगी खरेदीला मुभा मिळाली. कापूस तोच, रस्ता तोच, बंडीही तीच. गुन्हा तेवढा उरला नाही.

मग गुन्हा म्हणायचं तरी कशाला? कायद्याचे पंडित गुन्ह्यांचे दोन ढीग करतात. खून, चोरी, जाळपोळ ही कोणत्याही गावात विचारलं तरी वाईटच. दुसऱ्या ढिगात सरकारने मनाई केली म्हणून गुन्हा झालेल्या गोष्टी. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९३ साली वेगळाच मुद्दा मांडला: कृत्य गुन्हा असतं म्हणून समाज धिक्कार करतो असं नाही, समाज धिक्कार करतो म्हणून ते गुन्हा ठरतं. आता कापूस नेणाऱ्याचा गावात कोणी धिक्कार केला होता हो? आणि त्याही आधी, जुलै १९३० मध्ये बापूजी अण्यांनी पुसदला जंगलातलं गवत कापून अटक ओढवून घेतली. सरकारच्या वहीत ते आरोपी, वऱ्हाडात मात्र लोकनायक.

अलीकडे वहीतून खोडलेला एक गुन्हा पोलीस पाटलांनी आणि सरपंचांनी मुद्दाम ध्यानात ठेवावा. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड विधानाच्या ३०९ कलमाखाली गुन्हा होता. आपल्या भागात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. आधीच कर्जाने खचलेला माणूस वाचला तर वर पोलीस केस, आणि या धास्तीने घरचे लोक दवाखान्यात खरं सांगायला कचरत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरायचे ठरवले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम घेतलेच नाही. तेव्हा वेळ न घालवता दवाखाना गाठा, लपवू नका. एक फाटा मात्र राहिला आहे. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न केला तर २२६ कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तहसीलसमोर आंदोलनाला बसणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यावे.

आता 'चोर बीटी'. नावातच चोरी आली! तणनाशक मारले तरी पराटी जगते, निंदणाची मजुरी वाचते, म्हणून हे बियाणे परवानगी नसताना पसरले. १० जून २०१९ रोजी अकोल्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरले आणि काही शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. १ एप्रिल २०२४ पासून या कलमातली कैद गेली. आता अधिकारीच १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत दंड ठोठावू शकतो. तो ९० दिवसांत भरला नाही तर पुन्हा तीन वर्षांपर्यंत कैद आहेच. म्हणजे पेरणे हा गुन्हा राहिला नाही, दंड न भरणे हा झाला. पाच एकरवाल्याला यात किती दिलासा मिळाला ते त्यालाच विचारावे. शिवाय चोर बियाणे घेणाऱ्याला पक्की पावती नसते. उगवले नाही तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

पावती घेऊन घेतलेले बियाणे बोगस निघाले तर काय, तेही पाहा. अमेरिकेच्या एडविन सदरलँडने १९४९ साली पांढरपेशा गुन्हेगारीवर ग्रंथ लिहिला. मोठ्या कंपन्यांच्या लबाडीला गुन्हा न म्हणता नियमभंग म्हणतात, ही त्याची तक्रार होती. आपल्याकडे विक्रेत्यावर जीवनावश्यक वस्तू कायदा लावला तर शिक्षा मोठी आहे. पण १९६६ च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला लिहिला गेला तो दंड जास्तीत जास्त पाचशे रुपये. २०२४ साली बीजी-२ कापसाच्या एका पाकिटाची सरकारने ठरवलेली कमाल किंमत ८६४ रुपये होती.