गाडी पंधरा वर्षांची, स्क्रीन किती वर्षांची?

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि कोणत्या मॉडेलची किंमत किती उतरली, हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालंय. जाहिरातीत किमतीखालोखाल मोठ्या अक्षरांत छापलं जातं ते स्क्रीनचं माप: आठ इंच, नऊ इंच, सव्वादहा इंच. ही स्क्रीन किती वर्षं चालती ठेवणार, याची मात्र कोटेशनवर एक ओळ सापडत नाही. जालन्याची एमएच-२१ पाटी लावून गाडी दारात येते तेव्हा आरसी पंधरा वर्षांची असते. कनेक्टेड सेवा बहुधा तीन वर्षं फुकट आणि पुढे पैसे भरा. सॉफ्टवेअरच्या मुदतीचा तर कागदच नाही.

स्क्रीन गाडीआधी जुनी होते, याचा रोकडा पुरावा जालन्यातच आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी. दरम्यान २०२३ मध्ये शेजारच्या जिल्ह्याचं नाव बदललं. ज्या गाडीत नकाशा त्याआधीच मेमरी कार्डावर भरून आला आणि पुन्हा कधी अपडेट झाला नाही, तिच्या लेखी औरंगाबाद अजून औरंगाबादच आहे. गाडी समृद्धीवर ताशी १२० ने धावतेय आणि स्क्रीनवरचा बाण मोसंबीच्या बागेतून चाललाय. यावरचं ठरलेलं उत्तर म्हणजे मोबाइल जोडा, गूगल मॅप लावा. नकाशापुरतं ते खरंही आहे. पण अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले चालतं ते त्याच स्क्रीनच्या सॉफ्टवेअरवर. फोन दरवर्षी पुढे सरकतो, गाडीतलं सॉफ्टवेअर तिथेच राहतं आणि एक दिवस दोघांचं जमेनासं होतं. शिवाय मागचा कॅमेरा आणि कित्येक गाड्यांत एसीसुद्धा आता त्याच काचेत गेलाय. टेस्लाला २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्या एका ८ जीबीच्या मेमरी चिपपायी. सतत लिहून-पुसून चिप झिजली, स्क्रीन बंद पडू लागली, कॅमेरा दिसेना. तिथल्या वाहन सुरक्षा यंत्रणेने हा करमणुकीचा बिघाड मानला नाही, सुरक्षेचा दोष मानला. (सिएटलचा किस्सा त्याहून मजेशीर. २०२२ च्या जानेवारीत एका रेडिओ केंद्राने एक्स्टेन्शन नसलेली चित्राची फाइल पाठवली आणि माझदाच्या काही जुन्या गाड्यांचे रेडिओ त्याच केंद्रावर अडकून बसले.)

म्हणून आरसी जितकी वर्षं, तितकी वर्षं अपडेट मिळावेत आणि ते बाहेरच्या गॅरेजलाही चढवता यावेत. पंधरा वर्षं अपडेट देणं परवडणार नाही, असं कंपन्या म्हणतील. नवी फीचर्स कुणी मागतही नाही. दोष आणि सुरक्षेच्या त्रुटी तेवढ्या बुजवा, एवढंच मागणं आहे. युरोपात २० जून २०२५ पासून फोनच्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट देणं बंधनकारक झालंय. पंचवीस हजारांच्या फोनला जे परवडतं, ते दहा लाखांच्या गाडीला परवडू नये, हे पटत नाही. दुसरा आक्षेप हॅकिंगचा: बाहेरच्या गॅरेजला हात लावू दिला तर धोका वाढेल. तो खोटा नाही, पण गॅरेजवाल्याला किल्ली द्यायचीच नाहीये. कंपनीने डिजिटल सही केलेली फाइल द्यावी, त्याने ती पेनड्राइव्हवरून चढवावी. फाइल बदललेली असेल तर यंत्रणा ती नाकारेल. खरं दुखणं जुनंच आहे. सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेर मिळू देत नाहीत, म्हणून स्पर्धा आयोगाने २०१४ मध्येच १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोकला होता. प्रकरण अपिलांत गेलं. आता सुट्या भागाच्या जागी फाइल आली, एवढाच फरक. केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत वाहनंही आहेत, पण अपडेटची मुदत छापायची सक्ती काही झाली नाही.

तोवर हातात आहे तो २०१९ चा ग्राहक कायदा. गाडी छत्रपती संभाजीनगरच्या शोरूममधून घेतली तरी जालन्यात राहणाऱ्याला जालन्याच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. पण ‘अपडेट येत राहतील हो साहेब’ हे तोंडी आश्वासन तिथे शाबीत करणं महाकठीण. म्हणून बुकिंगचे पैसे देण्याआधी ऑर्डर फॉर्मवर अपडेटची शेवटची तारीख लिहून मागावी. सेल्समन आधी मॅनेजरकडे बघेल, मॅनेजर कंपनीला मेल करतो म्हणेल. त्या मेलची प्रत मागून घ्यावी.