कातळाच्या काठावरील विद्या

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाचे थरावर थर साचून जो काळा पाषाण निर्माण झाला, आणि ज्याने आजही जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटरचा मुलूख व्यापला आहे, त्याची जाडी सह्याद्रीत प्रचंड असली तरी पूर्वेकडे ती उत्तरोत्तर कमी होत जाते, आणि नांदेड जिल्ह्याच्या देगलूर, बिलोली, मुखेड या तालुक्यांत तर हे आच्छादन विरून त्याखालचा अतिप्राचीन ग्रॅनाइट उघड्यावर येतो. नांदेडहून देगलूरच्या वाटेने जाणाऱ्या प्रवाशाला काळ्या रानाची साथ सुटून तांबूस, भरड जमीन व गोलसर शिळांच्या टेकड्या दिसू लागतात. हा पालट ज्याला वाचता येतो, त्याला शेकडो कोटी वर्षांचे अंतर काही तासांच्या प्रवासात तुडविता येते. मराठवाड्यात भूशास्त्राचे उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याचे भाग्य हे की, इतरत्र जी गोष्ट पुस्तकातील आकृतीवर भागवावी लागते, ती त्याच्या जिल्ह्याच्या हद्दीतच पायाखाली आहे.

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अस्तित्वात आले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे त्याचे कार्यक्षेत्र. विष्णुपुरीच्या परिसरात असलेल्या त्याच्या भूशास्त्र संकुलात या विद्येचे पदव्युत्तर अध्यापन चालते. या शिक्षणाचा आरंभ पुष्कळदा एका लहानशा काचपट्टीपासून होतो. खडकाचा तुकडा कापून, घासून इतका पातळ करावयाचा की त्याची जाडी मिलिमीटरच्या तीन शतांश भागाइतकीच उरावी. मग हातात घेतल्यावर निव्वळ काळा, निर्जीव वाटणारा तो दगड सूक्ष्मदर्शकाच्या ध्रुवित प्रकाशात अकस्मात पारदर्शक होतो, फेल्डस्पारच्या करड्या-पांढऱ्या काड्या एकमेकींत गुंतलेल्या दिसतात, त्यांच्या फटींत पायरॉक्सिनचे रंगीत कण बसलेले असतात, आणि लाव्हा सावकाश निवाला की झपाट्याने, याचा दाखला त्या कणांच्या आकारमानावरून मिळतो. माझ्या मते या शास्त्राचा खरा संस्कार येथेच घडतो. जे डोळ्यांना एकजिनसी भासते, त्याच्या पोटात क्रम आणि काळ दडलेला असतो, हे एकदा पटले म्हणजे विद्यार्थी विहिरीच्या कडेलाही त्याच नजरेने पाहू लागतो.

तथापि या भूमीने आपल्या अभ्यासकांपुढे केवळ सौंदर्याचा विषय ठेवलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्यास काही मिनिटे असताना, गणेशविसर्जनाहून परतून गावे नुकतीच निजली होती, तेव्हा लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर या टापूत ६.२ परिमाणाचा भूकंप झाला व सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जडशीळ माळवद, ही उन्हाळ्यात गारवा देणारी पिढीजात घरेच निजलेल्यांवर कोसळली. त्या काळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत सुरक्षित अशा पहिल्या श्रेणीत गणला गेला होता. आदल्याच वर्षी किल्लारीने हादरे अनुभवले होते, तरी त्यांचा अर्थ वेळीच लागला नाही. पुढे २००२ साली नकाशा सुधारण्यात आला, तेव्हा हा भाग तिसऱ्या श्रेणीत गेला.

आपत्तीनंतर किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले, आणि त्यातून निघालेल्या खडकांच्या दंडगोलांनी त्या भूमीची वंशावळच उलगडली: ३३८ मीटर लाव्हाचे थर, त्यांखाली जेमतेम आठ मीटर गाळाचे थर, आणि नंतर सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा स्फटिकी पाया. कोयनेच्या परिसरात याच लाव्हाची जाडी नऊशे मीटरांहून अधिक भरली आहे. भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत हिमालयाला रेटतो. त्या रेट्याचा ताण द्वीपकल्पाच्या पोटातही साठत राहतो, आणि जुन्या भेगांच्या वाटेने कधीतरी मोकळा होतो. किल्लारीचा धक्का जमिनीपासून थोड्याच किलोमीटरांवर उद्भवला, म्हणून त्याचे तडाखे एवढे तीव्र. २००६-०७ च्या सुमारास नांदेड शहरात जमिनीखालून गडगडाट ऐकू येऊ लागला व सौम्य धक्के बसू लागले. २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात ४.५ परिमाणाचे धक्के बसले, तेव्हाही नांदेडची माणसे घराबाहेर धावली. किल्लारीच्या आठवणीने जिवाचे पाणी होणाऱ्या या लोकांना सुबोध मराठीत प्रामाणिक उत्तर देणे, हे विद्यापीठाचे काम संशोधनपत्रिकेतील लेखाइतकेच मोलाचे आहे असे मी मानतो.

दुसरा प्रश्न तहानेचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेल्या रेल्वेगाडीने लातूरला पिण्याचे पाणी आणले, ही गोष्ट देशभर गाजली. परंतु त्यामागे निव्वळ अवर्षण नव्हते, खडकाची घडणही होती. काळ्या पाषाणात पाणी वाळूसारखे सर्वत्र झिरपत नाही. ते कुजलेल्या मुरमात, वायूच्या पोकळ्यांनी सच्छिद्र झालेल्या थरांत आणि उभ्या-आडव्या भेगांत राहते, आणि घट्ट थरात बोअर कितीही खोल नेले तरी केवळ भुकटी उडते. पाणाड्याच्या हातातील काठीवर भिस्त ठेवण्याऐवजी विद्यार्थी शिवारात चार लोखंडी सळ्या ठोकतो, बाहेरच्या दोहोंतून विद्युत्प्रवाह सोडतो, आतल्या दोहोंमधील दाब मोजतो, आणि सळ्यांचे अंतर वाढवीत नेत खोलखोल थरांचा रोध काढतो. ओल्या, भेगाळ खडकाचा रोध कमी, घट्ट कातळाचा पुष्कळ जास्त. अडचण अशी की दोन लाव्हाथरांमधील गेरूसारख्या तांबड्या मातीचा रोधही कमीच येतो, आणि तिच्यातून पाणी मात्र सुटत नाही. म्हणून आकडे हाती आल्यावरही शेजारची विहीर उतरून पाहणे, मालकाला कोणत्या परसावर पाणी लागले होते ते विचारणे, आणि मगच जागा सांगणे भाग पडते.

किनवटच्या बाजूला प्रश्न आणखी निराळा. तेथील काही विहिरींत पाणी आहे, पण त्यात फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे जाते आणि मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. एकाच गावात दोन विहिरी, एकीचे पाणी निर्दोष आणि दुसरीचे बाधक, असे का व्हावे, याचा उलगडा त्या त्या विहिरीने कोणता खडक गाठला आणि पाणी त्यात किती काळ मुरले, यावरून होऊ शकतो. त्यासाठी प्रत्येक विहिरीची खोली, थर आणि पाण्याचे पृथक्करण यांची नोंद करणारा तपशीलवार नकाशा हवा. असा नकाशा एका पदव्युत्तर प्रबंधात बसणारा आहे, आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी राहील अशी तजवीज विद्यार्थ्याला सहज करता येईल.