पॉइंट्सवर पंचविशीची सहल

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, आईवडिलांची साठी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन हे प्रसंग अचानक उगवत नाहीत. त्यांचे वर्ष कितीतरी आधीपासून ठाऊक असते. रिवॉर्ड पॉइंट्स सावकाश साठतात. त्यामुळे ऐनवेळी ठरलेल्या सहलीपेक्षा अशा मोठ्या प्रसंगाच्या सहलीला त्यांचा उपयोग जास्त होतो. दीड-दोन वर्षे आधी विचार सुरू केला तर विमानाच्या तिकिटाचा किंवा हॉटेलचा बराचसा भार पॉइंट्सवर टाकता येतो. सगळी सहल फुकटात होईल, ही अपेक्षा मात्र सोडून द्यावी.

या योजनांची सुरुवात विमान कंपन्यांनी केली. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘ॲडव्हांटेज’ ही योजना आणली. पुन्हा पुन्हा आपल्याच विमानाने जाणाऱ्या प्रवाशाच्या खात्यावर मैल जमा करायचे आणि पुरेसे साठले की त्याला तिकीट द्यायचे, अशी तिची रचना होती. भारतात आज एअर इंडियाची ‘महाराजा क्लब’ आणि इंडिगोची ‘ब्लूचिप’ या योजना आहेत. पण वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी विमानात बसणाऱ्या कुटुंबाचे पॉइंट्स उडण्यातून फारसे जमत नाहीत. ते जमतात क्रेडिट कार्डावरच्या रोजच्या खर्चातून.

ते किती जमतात, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. समजा, दर १५० रुपयांना ४ पॉइंट्स देणारे कार्ड आहे आणि किराणा, वीज, मोबाइल, औषधे, कपडे असा महिन्याला ५०,००० रुपयांचा खर्च त्यावरून होतो. वर्षाचे ६ लाख रुपये झाले, म्हणजे १६,००० पॉइंट्स. प्रत्यक्षात आकडा याहून कमीच येतो, कारण पेट्रोल, घरभाडे आणि वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांवर बहुतेक कार्डे पॉइंट्स देत नाहीत. विम्याचे हप्ते आणि बिले यांवरही अनेकदा मर्यादा असते. एवढ्या पॉइंट्सवर युरोप होत नाही. मोठी भर पडते ती दोन ठिकाणी: नवे कार्ड घेताना मिळणारा स्वागत-बोनस आणि वर्षभरात ठरावीक रकमेचा खर्च पार केल्यावर मिळणारा बोनस. घराची रंगरंगोटी, फ्रीज, लॅपटॉप असे खर्च होणारच असतील तर ते त्या वर्षात आणि त्या कार्डावर बसवणे शहाणपणाचे. बोनससाठी नको ती खरेदी करणे मात्र तोट्याचेच. पतीपत्नींपैकी एकाच्या नावावर मुख्य कार्ड आणि दुसऱ्याच्या नावावर ॲड-ऑन कार्ड घेतले की दोघांचे पॉइंट्स सहसा एकाच खात्यात पडतात. मित्रांचे किंवा नातेवाइकांचे खर्च आपल्या कार्डावर ओढून घेण्याची युक्ती काही जण सांगतात, पण एका आर्थिक वर्षात कार्डाच्या बिलापोटी १० लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम भरली गेली तर त्याची माहिती बँक आयकर विभागाला कळवते, हे त्यांनी ध्यानात ठेवावे.

पॉइंट कसा वापरला, यावर त्याचे मोल ठरते. वरचेच १६,००० पॉइंट्स बिलात वळते करून घेतले आणि बँकेने पॉइंटला २५ पैसे धरले तर ४,००० रुपये सुटतात. त्याच पॉइंट्सवर काढलेल्या तिकिटात पॉइंटला १ रुपया पडला तर १६,००० रुपये वाचतात. मिक्सर, ट्रॉली-बॅग अशा भेटवस्तूंच्या यादीत हा भाव बहुधा सर्वांत वाईट असतो. हिशेब सोपा आहे. तिकिटाच्या रोख किमतीतून पॉइंट्स वापरूनही भरावे लागणारे कर आणि अधिभार वजा करायचे आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंट्सनी भागायचे. २४,००० रुपयांच्या तिकिटाला २०,००० पॉइंट्स आणि वर ६,००० रुपये कर लागत असेल तर पॉइंटला ९० पैसे पडले. हे भागाकाराचे काम ज्याचे त्यानेच करून पाहावे.

चांगला भाव बहुतेक वेळा पॉइंट्स विमान कंपनीच्या योजनेत हलवल्यावर मिळतो. मात्र एकदा हलवलेले पॉइंट्स परत येत नाहीत आणि काही कार्डांत दोन पॉइंट्सना एकच मैल मिळतो. म्हणून आधी हव्या त्या तारखेला जागा आहे का, हे विमान कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे आणि मगच पॉइंट्स हलवावेत. मैल कोणत्या कंपनीचे, एवढ्यावर थांबू नये. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या गटात असल्याने तिच्या पॉइंट्सवर गटातल्या इतर कंपन्यांचीही तिकिटे काढता येतात. मुलांनी आईवडिलांना पाठवायचे असेल तर नावांचे नियमही पाहावे लागतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या ‘क्रिसफ्लायर’ योजनेत स्वतःखेरीज पाच जणांचीच नावे नोंदवता येतात आणि तिकीट त्यांच्यासाठीच काढता येते.

खरी अडचण तारखेची असते. पॉइंट्ससाठी राखलेल्या जागा मोजक्याच असतात. त्या साधारण अकरा महिने आधी खुल्या होतात आणि गर्दीच्या दिवसांत झटपट संपतात. आपल्याकडच्या लग्नसराईचा मोठा हंगाम मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरचा, त्यामुळे लग्नाचे कित्येक वाढदिवसही नेमके शाळांच्या सुट्टीत आणि नाताळच्या आसपास येतात, म्हणजे पॉइंट्सची जागा मिळणे सर्वांत कठीण असते तेव्हाच. यावर उपाय साधा आहे. वाढदिवस किंवा साठीशांत त्या तारखेला, तिथीला घरी व्हावी आणि सहल जुलै-ऑगस्ट किंवा फेब्रुवारीत निघावी. दिवस दोन-चार इकडे-तिकडे करायची तयारी असली तर काम आणखी सोपे होते. दहा जणांचे गोकुळ एकाच विमानाने नेण्याचा आग्रह असेल तर पॉइंट्सचा नाद सोडावा. इतक्या जागा एका वेळी क्वचितच मिळतात.

हॉटेलच्या पॉइंट्सचे गणित वेगळे. मॅरियट बॉनव्हॉयमध्ये सलग पाच रात्री पॉइंट्सवर घेतल्या तर सर्वांत कमी पॉइंट्सची रात्र मोफत मिळते, म्हणून तिथे चार रात्रींपेक्षा पाच रात्रींचा बेत करणे फायद्याचे. ॲकॉरच्या योजनेत २,००० पॉइंट्सना ४० युरोची सूट असा ठरलेला भाव आहे. घबाड हाती लागत नाही, पण हिशेब पक्का राहतो. काशी किंवा केरळला रेल्वेने जाणाऱ्यांसाठी आयआरसीटीसीचे सहब्रँड कार्ड बरे, कारण त्यावरचा पॉइंट तिकिटात एका रुपयाला धरला जातो. (महाराष्ट्रात वयाची पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास तर २०२२ पासून मोफतच आहे, आजोबांना कोकणातल्या कुलदैवताला न्यायला पॉइंट्स लागत नाहीत.)

बिल थकवले की हा सारा हिशेब उलटा होतो. दरमहा साडेतीन टक्के दराने ५०,००० रुपयांवर महिन्याचे व्याज १,७५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५ रुपये, एकूण २,०६५ रुपये. त्या महिन्याचे पॉइंट्स मात्र १,३३३, म्हणजे उत्तम भावाने १,३३३ रुपये. परदेशात तेच कार्ड वापरले तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास परकीय चलनाचे शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो, तेही खर्चात धरावे. वार्षिक शुल्क धरायचेच. २,५०० रुपयांचे शुल्क जीएसटीसह २,९५० रुपये होते आणि वरच्या उदाहरणातील ४,००० रुपयांच्या बचतीचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग त्याने पुसून टाकला.

पॉइंट्स वर्षानुवर्षे साठवून ठेवणेही सोयीचे नाही. क्रिसफ्लायरचे मैल तीन वर्षांनी संपतात, तर बॉनव्हॉयचे पॉइंट्स खात्यात २४ महिने काही हालचाल नसेल तर जातात. शिवाय दर कधी बदलतील याचा नेम नसतो. जेट एअरवेजची विमाने एप्रिल २०१९ मध्ये थांबली, तेव्हा जेटच्या तिकिटासाठी मैल जपणाऱ्यांचा बेत तिथेच मोडला. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा मात्र क्लब विस्ताराचे पॉइंट्स एकास एक प्रमाणात एअर इंडियाकडे गेले. सहलीनंतर तळाशी चार-पाचशे पॉइंट्स उरतात, त्यांचे तिकीट होत नाही. ते मुदत संपण्याआधी व्हाउचरमध्ये किंवा बिलात वळते करून टाकावेत. अशा किरकोळ शिलकीला भाव कमी मिळाला तरी हरकत नाही.